साळूबाईच्या उंबऱ्यातलं लिंबू

"हात लावू नका! कुणीच हात लावू नका!" मामा ओरडले आणि स्वतःच धावत जाऊन त्यांनी मेन स्विच खाली पाडला.

नव्या फ्रिजच्या पाठीमागून पांढरा धूर निघत होता. तो आणून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. जुना मार्चमध्ये जळाला म्हणून हा आणला. त्याच्या आधी टीव्ही गेला होता, टीव्हीच्या आधी मिक्सर. जळक्या प्लास्टिकचा वास आता घरात कायमचा राहायलाच आला होता. मी तोंडाला ओढणी लावून मामांकडे रागाने पाहत होते. दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर मी नशिबाला बोल लावला असता. पण मामा, म्हणजे माझे सासरे मोतीराम, तीस वर्षं लाइनमन होते. अर्ध्या पडेगावात पहिला दिवा आपण लावला, असं ते पाहुण्यांना सांगत. अशा माणसाच्या घरात एक मिक्सर धड टिकू नये, याची मला चीड येत होती.

मामांनी चष्मा पुसला, पिशवीतून मीटर काढलं, स्विच वर केला आणि बोर्डात पिना घातल्या.

"दोनशे बत्तीस," ते म्हणाले. "व्होल्टेज तर बरोबर हाय."

"मग फ्रिज काय हौसेनं जळला?"

ते पिना काढून पुन्हा घालू लागले. तेवढ्यात दारात साळूबाई उभी राहिली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. पुढच्या खोलीत तिची पिठाची गिरणी. नेहमीसारखं केसांवर, भुवयांवर, पदरावर पीठ.

"काय झालं वो भाऊ? काय जळलं? मी तशीच गिरणी बंद करून पळत आले."

"काय नाय. फ्रिज," मामा म्हणाले.

"आगं माय! नवाच ना? आन् भामाबाईच्या सुया वो त्याच्यात?"

माझ्या सासूबाईंना, भामाबाईंना, इन्सुलिन लागतं. साळूबाईने विचारलंसुद्धा नाही. सरळ आत येऊन फ्रिजमधून इन्सुलिनचा डबा काढला आणि स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन गेली. ती गेल्यावर मी जे बोलले ते सांगणं आता मला टाळता येत नाही. मी म्हटलं, "बघितलंत? काहीतरी जळतं आणि ही दारात हजर. मिक्सरच्या वेळी हीच, टीव्हीच्या वेळी हीच. हिला आधीच कसं कळतं?"

राजकुमार, माझा नवरा, वाळूजला कंपनीत आहे. तो शिफ्टवरून येऊन झोपला होता. तो उठून म्हणाला, "रूपा, काय बी बोलू नको. भिंतीपलीकडं राहती ती. आवाज ऐकून येती."

मामा मात्र काहीच बोलले नाहीत. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. आमच्या घरात देव्हारा नाही, गंडा नाही, दृष्ट काढणं नाही. दर वर्षी विहारात बावीस प्रतिज्ञा माइकवरून मामाच वाचतात, तेही पुस्तक न बघता. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी नव्या स्कूटीला काळा दोरा बांधला, तर त्यांनी कात्रीने तो कापून माझ्या हातात दिला होता. साळूबाई दर अमावास्येला गिरणीच्या मोटरवर लिंबू-मिरची बांधायची आणि मामा तिला जाता-येता चिडवायचे, "साळूबाई, मोटरला ग्रीस लागतं, लिंबू नाय." तीही कमी नव्हती. "ग्रीस बी घालते आन् लिंबू बी बांधते, तुमच्या काय पोटात दुखतंय?" म्हणायची. सांडपाण्यावरून, कचऱ्यावरून ती अख्ख्या गल्लीशी भांडलेली बाई. पण मामांचं आणि तिचं ते भांडण नव्हतं, ती त्यांची करमणूक होती.

त्या दिवशी मात्र मामा गप्प राहिले आणि मला वाटलं, चला, एकदा तरी यांना माझं पटलं.

पुढचे आठ दिवस त्यांनी घर उकरून काढलं. सगळी वायरिंग बदलली. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून नवं अर्थिंग केलं. पंखा मधूनच वेड्यासारखा जोरात फिरायचा, म्हणून तीन रेग्युलेटर बदलले. संध्याकाळी मीटर लावून बघायचे. दोनशे तीस, दोनशे चौतीस. सगळं बरोबर. आणि नवव्या दिवशी भर सकाळी माझ्या फोनचा चार्जर फुटला. मामा मीटर घेऊन येईपर्यंत दारात साळूबाई. "आता काय जळलं वो?"

"वीज कंपनीत कंप्लेंट द्या," राजकुमार म्हणाला.

"मी?" मामा उसळले. "ज्यांला मी पक्कड धरायला शिकवलं त्यांच्यापुढं मी कंप्लेंट घेऊन उभा राहू? मोतीराम लाइनमनला घरातला फॉल्ट सापडंना, आसं गावभर व्हऊ दे म्हनतो का?"

गावभर झालंच होतं. नळावर बायका मला विचारायच्या, "आज काय जळलं?" मी शहरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. तिथल्या मंजुषाने मला हर्सूलच्या पुढच्या एका बाबाचा नंबर दिला. तिच्या दिराच्या बोअरची मोटर सारखी जळायची, ती बाबाने थांबवली म्हणे. मी तो नंबर चार दिवस पर्समध्ये ठेवला. पाचव्या दिवशी मामांसमोर टाकला. ते भडकतील आणि निदान घरात जोरदार भांडण तरी होईल, अशी माझी तयारी होती.

मामांनी कागद उचलला, वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "राजूला सांगू नको," म्हणाले.

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं.  बाबाच्या खोलीत उदबत्तीचा धूर होता आणि कोपऱ्यात मोठा इन्व्हर्टर. मामांची नजर सारखी त्या इन्व्हर्टरकडे जात होती. आमचा नंबर आला. बाबाने काय काय जळलं ते शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि एकच प्रश्न विचारला.

"वस्तू जळली की दारात पहिलं कोण येतं?"

"साळूबाई," मी म्हटलं. त्याच क्षणी मामाही तेच म्हणाले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग बाबाला फार कष्ट पडले नाहीत. बाई विधवा आहे का, गिरणीला काही बांधते का, घर उगवतीला आहे का. सगळ्याला आमचं हो. त्याने एका लिंबात सात सुया टोचून, लाल फडक्यात बांधून ते मामांच्या हातावर ठेवलं. बाई घरात नसताना तिच्या उंबऱ्याला लागून मातीत पुरायचं. तोवर तिच्या घरातलं काही खायचं-प्यायचं नाही, तिच्या घरी आपलं काही ठेवायचं नाही.

घरी आल्या आल्या मामा साळूबाईकडून इन्सुलिन परत घेऊन आले. "उगाच तुमाला तरास," असं तिला सांगितलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवलं. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण त्यांच्यापासून घरात काही लपत नाही.

"पंधरा दिवस तिच्या फ्रिजातली सुई टोचून घेतली मी," त्या म्हणाल्या. "करणी आसती तर मेले नसते का? मला काय झालं? मी हायच की आजून."

"तू गप बस," मामा म्हणाले.

"तुमी पायजे तं मला गप बसवा. पन माइकवर काय वाचता त्ये एकदा घरात येऊन वाचा."

मामा बाहेर निघून गेले. मला सासूबाईंचाही राग आला. मी नळावर गेले तेव्हा गल्लीतल्या दीपमालाने विचारलं, "खरंच का गं, साळूबाई कायतरी करती म्हनं?" आणि मी नाही म्हटलं नाही. उलट बाबाने विचारलेला प्रश्न तिला जसाच्या तसा सांगितला. मामांनीही आपल्या ओळखीच्या चार घरी, "दळण दुसरीकडं टाका, तिथलं काय खरं नाय," असं सांगितलं. हे मला नंतर कळलं. आठ दिवसांत साळूबाईच्या गिरणीपुढची डब्यांची रांग आटली. वीस-बावीस डबे असायचे तिथे चार-पाच दिसू लागले. ती मला विचारायची, "का गं रूपाली, सगळे गावाला गेलेत का?" मी म्हणायची, "ऊन आहे ना."

गुरुवारी दुपारी ती पिशवी घेऊन निघाली. शहागंजला जाते, गिरणीचा पट्टा आणायचा आहे, म्हणाली. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मामा खुरपं आणि ती लाल पुरचुंडी घेऊन बाहेर पडले. मी आमच्या दारात पहारा द्यायला उभी राहिले. मामांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही. ते एका हाताने तिची भिंत धरून कसेबसे वाकले आणि उंबऱ्याला लागून माती उकरू लागले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि हातात ते लिंबू. त्या वेळी मला प्रथमच लाज वाटली. पण मी थांबा म्हटलं नाही. काम लवकर उरकलं तर बरं, एवढंच मनात होतं.

साळूबाई दुसऱ्या बाजूने, मागच्या बोळातून आली. मापासाठी जुना पट्टा न्यायला विसरली होती, म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. मी तिला पाहिलं तेव्हा ती मामांच्या मागे चार पावलांवर होती. मला ओरडता आलं असतं. मी एक पाऊल आत सरकले.

"काय पुरायले भाऊ?"

मामा उठू शकले नाहीत. भिंतीला धरून तसेच अर्धे वाकलेले राहिले. साळूबाईने खाली बघितलं. लाल फडकं सुटलं होतं, सुया दिसत होत्या.

तिने आरडाओरडा करावा असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही उलट ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही, पण तिचा साधा आवाजही गल्लीभर जातो. दारं उघडली.

"म्हंजी त्ये तुमी हाव. मी म्हनते, डबे कामून येईनात. माझ्या दळनात खडे निघाले का, वजनात खोट निघाली का, म्हून मी रात रात जीव खाल्ला. आन् तुमी मला चेटकीन ठरवून बसला व्हय?"

"साळूबाई, तसं नाय..."

"मग कसं हाय? मी लिंबू बांधलं तर तुमी चौदा वर्सं मला हसलात. हसा, मला काय. मी लिंबू मोटरला बांधलं भाऊ, मानसाला नाय. आन् किती दिवस झाले, मोटर ओढीना, पीठ जाडं येतंय. लिंबू बांधून बसले का मी? पट्टा घ्यायला निघाले. लिंबू बांधते म्हून अक्कल नाय गहान टाकली."

मामांनी मान वर केली. "मोटर ओढीना?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न लाइनमनचा होता. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून आलेला पहिला शहाणा प्रश्न. पण ऐकून घ्यायला साळूबाई थांबली नाही. तिने पायाने ते लिंबू गल्लीत ढकललं, आत गेली आणि फोन केला. कंप्लेंट तिने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला. अभय नावाचा तरणा पोरगा, हेल्मेट, हातमोजे, शिडी. मामांनी त्याला ओळखलं नाही आणि त्यानेही मामांना ओळखलं नाही. त्याने साळूबाईला गिरणी चालू करायला सांगितलं आणि चालू असतानाच दोन्ही घरांत मीटर लावलं. तिच्या घरात एकशे चाळीस. आमच्या घरात तीनशे वीस.

"हे कधी बघितलंच नाही का कोणी?" तो म्हणाला. "गिरणी चालू असतानाच बघायला पाहिजे ना."

बघितलं होतं. दर वेळी बघितलं होतं. पण काही फुटलं की साळूबाई गिरणी बंद करून धावत यायची आणि मामा मीटर लावेपर्यंत सगळं जागेवर आलेलं असायचं. संध्याकाळी ते मोजायचे तेव्हाही तिची गिरणी बंदच असायची. ती आमच्यासाठी धावत आली नसती, तर मामांना फॉल्ट पहिल्याच दिवशी सापडला असता. 

अभय खांबावर चढला. गल्ली गोळा झाली होती. वरून त्याने सांगितलं की दोन्ही घरांचा फेज वेगळा आहे, पण परतीची तार, न्यूट्रल, एकाच जॉइंटवर आहे, आणि तो जॉइंट जळून ढिला झालाय. गिरणीने ओढ घेतली की तिकडची वीज कमी पडते आणि इकडे जास्तीची घुसते. गिरणीला पीठ जाडं, शेजारी फ्रिज खाक. त्याने जुना काळा पडलेला तुकडा कापून खाली टाकला.

"क्लॅम्पसुद्धा नाही. नुसती तार गुंडाळून ठेवलीय. कोणी केला हो हा जॉइंट?"

 साळूबाई मामांकडे बघत होती. सासूबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या होत्या, त्याही बघत होत्या. मला वाटलं, मामांनी गप्प राहावं. एवढं तरी वाचवावं. जुना आहे, माहीत नाही, असं म्हटलं असतं तर अभय निघून गेला असता.

मामांनी तो तुकडा उचलला आणि चष्म्याजवळ धरला.

"माझा हाय," ते म्हणाले. "हिचा मालक गेला त्या वर्सी. गिरणी लवकर चालू व्हावी म्हून मीच वर चढून गुंडाळली. क्लॅम्प नव्हता जवळ. म्हनलं, उद्या लावू."

अभयने खांबावरून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि परत कामाला लागला. कुणीतरी हसलं. मामा साळूबाईसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं. माफ करा."

"जॉइंटचं काय नाय भाऊ," साळूबाई म्हणाली. "तार हाय, ढिली व्हती. तवा बी माझ्या भल्यासाठीच केलं, त्ये मला ठावं हाय. पन लिंबू तुमी हातानं पुरलं. त्याची माफी माझ्या दारात मागू नका. जिथं जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

ती आत गेली.

संध्याकाळी मामा शर्ट बदलून निघाले. राजकुमार म्हणाला, "कशाला तमाशा करताय? लोक विसरतील." मामांनी ऐकलं नाही. मी दारात होते. त्यांनी मला चल म्हटलं नाही, पण ज्या घरांत माझी जीभ चालली होती तिथे ते कसे सांगणार होते? मी चप्पल घातली. तोवर माझा सगळा राग मामांवर होता, राजकुमारवर होता, सासूबाईंवर होता. आता तो ठेवायला जागा उरली नव्हती.

पहिल्या घरी लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला. दुसऱ्या घरी हसले. तिसऱ्या घरात टीव्ही चालू होता, आवाजसुद्धा कमी केला नाही. मामा दर घरी तेच शब्द बोलत होते, "जॉइंट माझा व्हता. त्या बाईचा काय संबंध नाय. मीच खोटं बोललो." दीपमालाच्या घरी मात्र त्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, "मी तुला नळावर जे सांगितलं ते सगळं खोटं होतं."

दीपमाला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"तुमच्या फ्रिजचं आसंल तसं काका," ती म्हणाली. "पन आमच्या पोरीला तिथून दळन आनल्यावर ताप भरला, त्याचं काय? त्ये बी जॉइंटमुळंच का?"

"आगं, ताप कशानं बी येतो."

"तुमीच तर म्हनलं व्हतं, तिथलं काय खरं नाय."

 तीस वर्षं फॉल्ट शोधले मामांनी, पण हा कुठून काढायचा ते त्यांना कळेना. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा माणूस इतका एकटा मी कधी पाहिला नव्हता.

सकाळी मी लॅबला निघाले तेव्हा मामा दळणाचा डबा घेऊन साळूबाईच्या दारात पायरीवर बसले होते. रांगेत एकच डबा होता, आमचा. तिने तो उचलला, वजन केलं, गिरणी चालू केली. पीठ बारीक आलं. तिने डबा भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि आत वळली. मामांनी डबा जवळ ओढला, पण उठले नाहीत. पायरीवर बसूनच राहिले, गल्लीतल्या प्रत्येकाला दिसतील असे.

दुपारी मी परत आले तेव्हाही ते तिथेच होते. ऊन पायरीवर आलं होतं. तिने त्यांना पाणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही मागितलं नव्हतं.